शिरोलीतल्या फाउंड्रीत चार्जिंग ट्रॉलीला लेझर डिस्टन्स सेन्सर: एका बसवणीचं पूर्ण प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मध्यम फाउंड्रीतलं, म्हणजे लोखंड वितळवून ओतीव भाग करणाऱ्या कारखान्यातलं. कारखान्याचं आणि माणसांचं नाव देत नाही, पण शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित वसाहतीत ज्यांनी मेल्टिंगला काम केलंय त्यांना मांडणी लगेच ओळखू येईल. एक प्लॅटफॉर्म, त्यावर शेजारी शेजारी दोन इंडक्शन भट्ट्या, आणि भट्ट्यांसमोरून रुळावर धावणारी एकच चार्जिंग ट्रॉली. स्क्रॅपच्या टोकाला मॅग्नेटची क्रेन तिच्यात स्क्रॅप, पिग आयर्न (कच्च्या लोखंडाचे ठोकळे), रनर-रायझर (ओतकामातले उरलेले तुकडे) भरते, मग ज्या भट्टीला माल हवा तिच्यासमोर ट्रॉली जाऊन थांबते आणि ट्रॉलीवरचा व्हायब्रो फीडर थरथरत माल भट्टीच्या तोंडात सरकवतो.

ट्रॉली नेमकी कुठं थांबते यावर सगळं अवलंबून. भट्टीच्या तोंडासमोर २५ मिमी इकडं-तिकडं चालून जातं, त्याहून जास्त चुकलं की माल कडेवर पडतो नाहीतर झाकणाच्या हायड्रॉलिक होजवर पडतो. आत पंधराशे डिग्रीच्या आसपासचं वितळलेलं लोखंड आणि बाहेर तेलाची होज, तेव्हा इथं चुकीला जागा नाही.

मी तिथं बाहेरून कामाला जातो, पॅनल, पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कंट्रोल कॉम्प्युटर), सेन्सर हे माझं काम. कारखान्याचा स्वतःचा मेंटेनन्स विभाग आहे, दोन वायरमन आणि एक चांगला फिटर, आणि हे सगळं प्रकरण त्या फिटरच्या हातामुळं तडीला गेलं असं माझं मत आहे.

अडचण

ट्रॉली आधी रोलर लिव्हरच्या लिमिट स्विचवर, म्हणजे ट्रॉलीनं दांडी दाबली की चालणाऱ्या स्विचवर, थांबायची. प्रत्येक भट्टीसमोर दोन, एक स्लो करायला आणि एक थांबवायला, शिवाय दोन टोकांना एकेक. स्क्रॅपचा तुकडा रुळाशेजारी पडायचा, ट्रॉली त्याला ढकलत न्यायची आणि तो थेट लिव्हरला भिडायचा. लिव्हर वाकला की थांबण्याची जागा सरकली. मग ऑपरेटर ऑटो सोडून देऊन पेंडंटवर (हातातल्या बटणांच्या डबीवर) बोट ठेवून ट्रॉली अंदाजानं आणायचा, रात्रपाळीत तर ऑटो कुणी लावतच नव्हतं.

एकदा ट्रॉली भट्टीच्या थोडी अलीकडंच थांबली आणि फीडर चालू झाला. पिग आयर्नचा एक तुकडा झाकणाच्या होजवर पडला, होज फाटली नाही पण वरचं कव्हर सोललं. कुणाला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी मालकांनी बोलावून घेतलं आणि सरळ विचारलं, "हे कायमचं मिटवायला काय करायचं ते सांगा, स्विच बदलून बदलून दमलो."

पर्याय

पहिला विचार होता तेच स्विच जाडजूड घ्यायचे आणि वरून पत्र्याचं कव्हर करायचं. स्वस्त, सगळ्यांना कळणारं. पण मूळ दुखणं तसंच राहतं, लिव्हर रुळाशेजारीच असणार आणि तुकडे तिथंच पडणार.

दुसरा, इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी, म्हणजे लोखंड जवळ आलं की न शिवता ओळखणारा सेन्सर. हात लागत नाही म्हणून चांगला, पण त्याला लोखंड दिसतं आणि इथं खाली सगळीकडं लोखंडच सांडलेलं. बोरिंगचा चुरा तोंडावर साचला की सेन्सर कायमचा चालूच राहतो, हे त्याच कारखान्यात सँड प्लांटच्या कन्व्हेयरवर बघितलेलं होतं.

तिसरा, चाकाला एनकोडर, म्हणजे चाक किती फिरलं ते मोजणारं उपकरण. कागदावर हा सगळ्यात अचूक दिसतो. पण रुळावर वाळू आणि तेलाचा थर, भरलेली ट्रॉली सुटताना चाक घसरतं, आणि घसरलेलं चाक एनकोडर प्रामाणिकपणे मोजून टाकतो. प्रत्येक फेरीला शून्य परत लावावं लागलं असतं, म्हणजे त्यासाठी पुन्हा एक स्विच.

चौथा, लेझर डिस्टन्स सेन्सर. एका टोकाला सेन्सर, ट्रॉलीवर एक प्लेट, किरण जाऊन परत येतो आणि त्या वेळावरून अंतर निघतं. प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण ३० सेंटिमीटर जातो, जाणं-येणं धरलं तर १ मिमी फरक म्हणजे पावणेसात पिकोसेकंदाच्या आसपास, एवढं बारीक मोजण्याचं काम ती मुठीएवढी डबी करते. फायदा हा की रुळाजवळ काहीच नाही आणि ट्रॉली कुठंही असली तरी जागा कळते, त्यामुळं स्लो कधी करायचं हे पीएलसीत ठरवता येतं. तोटा म्हणजे धूळ, वाफ, धूर, आणि किरणाच्या वाटेत कुणी आलं तर चुकीचं अंतर.

आम्ही चौथा घेतला पण दोन अटींवर. दोन्ही टोकांचे लिमिट स्विच ठेवायचे आणि ते पीएलसीला विचारून नाही तर थेट कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) तोडतील असे जोडायचे. आणि माणसाच्या सुरक्षेचं काम या सेन्सरकडं द्यायचं नाही. दुसऱ्या अटीवर बरीच चर्चा झाली, ती खाली येते.

आता मॉडेल. एकीकडं क्लास १ चं इन्फ्रारेड, डोळ्याला न दिसणारं, दुसरीकडं क्लास २ चं लाल. आयईसी ६०८२५-१ या स्टँडर्डप्रमाणे क्लास १ नेहमीच्या वापरात डोळ्याला सुरक्षित धरतात. क्लास २ म्हणजे दिसणारा प्रकाश, सतत चालू असेल तर जास्तीत जास्त १ मिलीवॅट, आणि तिथं भरवसा माणसाच्या स्वतःच्या प्रतिक्रियेवर असतो, झगमग झाली की पापणी मिटते आणि मान वळते, त्यासाठी पाव सेकंद धरलेला आहे. म्हणजे चुकून डोळ्यावर आला तर इजा होत नाही पण हट्टानं त्यात बघत राहायचं नाही. आम्ही लाल घेतला, कारण ठिपका दिसला तर अलाइनमेंट हातानं करता येते आणि किरण कुठून जातोय हे कामगारालाही दिसतं. सेफ्टीच्या माणसाचं म्हणणं क्लास १ घ्या असं होतं आणि ते चुकीचं नव्हतं. दोन्ही बाजूंनी बोलून शेवटी ठरलं की लाल घ्यायचा पण किरण डोळ्याच्या उंचीवर कुठंच येणार नाही अशी वाट काढायची.

बसवलं कसं

पहिला प्रश्न, सेन्सर ट्रॉलीवर आणि प्लेट भिंतीला, का उलटं? ट्रॉलीवर व्हायब्रो फीडर आहे, तो चालू झाला की ट्रॉलीवरची प्रत्येक गोष्ट थरथरते, शिवाय केबल ट्रॉलीबरोबर ओढत न्यावी लागते. म्हणून सेन्सर स्थिर आणि प्लेट ट्रॉलीवर. आणि सेन्सर स्क्रॅपच्या टोकाला, म्हणजे भट्टीच्या उष्णतेपासून जितका लांब ठेवता येईल तितका लांब. अशा सेन्सरना बहुतेक वेळा ५० डिग्रीच्या आसपासची मर्यादा असते, एप्रिल-मेमध्ये भट्टीच्या बाजूला प्लॅटफॉर्मवर ते तापमान सहज ओलांडलं जातं.

वायरमनचं म्हणणं होतं की समोरच शेडचा खांब आहे, त्यालाच क्लॅम्प मारू, काम तासाभरात होईल. त्याच खांबांवरून क्रेनचा गर्डर जातो. मॅग्नेट क्रेन भरलेली गेली की खांब हलतो, डोळ्यानं दिसत नाही पण खांबाला हात लावला तर कळतं. हिशेब साधा आहे, सेन्सरचं बूड १०० मिमीचं, ते एका बाजूला १ मिमी उचललं गेलं तर १६ मीटरवर ठिपका १६० मिमी सरकतो. आमची प्लेट ३०० बाय ३०० ची, म्हणजे मधोमध मारलेला ठिपका प्लेटच्या बाहेर. लांबवर बॅटरी मारताना मनगट जरा हललं की झोत कुठच्या कुठं जातो तसंच. म्हणून जमिनीतून वेगळा खांब उभा केला, काँक्रीटमध्ये बेस प्लेट गाडून, आणि प्लॅटफॉर्मला तो कुठंही टेकणार नाही असं भोक मोठं पाडून वर आणला. ब्रॅकेट कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून घेतलं, १० मिमीची प्लेट, दोन दिशांना बारीक फिरवता येईल असे स्क्रू आणि मागून लॉकनट. फिटरनं सेन्सर बसवायच्या आधी ब्रॅकेट धरून स्वतः लोंबकळून बघितलं, मला ते फार पटलं.

किरणाची उंची गुडघ्याच्या जरा खाली ठेवली आणि वाट रुळांच्या मधून न नेता भिंतीकडच्या बाजूनं नेली. रुळामधला कचरा काढायला माणूस वाकतो, तेव्हा त्याचा चेहरा नेमका तिथं येतो, म्हणून मधली वाट बाद. पलीकडच्या टोकाला काळ्या मॅट रंगाची एक पाटी लावली. ट्रॉली दुरुस्तीला काढली आणि सेन्सर चालू राहिला तर किरण शेडच्या दारातून बाहेर रस्त्यावर जाऊ नये म्हणून, आणि ती पाटी ठरवलेल्या अंतराच्या पलीकडं असल्यानं तेव्हा पीएलसीला फॉल्टच दिसतो, खोटी जागा दिसत नाही.

प्लेटचा रंग हा क्षुल्लक वाटणारा पण महत्त्वाचा मुद्दा. आपल्याकडं रंग म्हटलं की चकचकीत एनॅमल. चकचकीत पृष्ठभाग किरण आरशासारखा एकाच दिशेला फेकतो, कधी सेन्सरला सिग्नल जास्त येतो कधी येतच नाही. मॅट पांढरा मारला, वर पत्र्याची छोटी छपरी केली. रेडियमची चमकणारी टेप लावू असंही एकानं सुचवलं, पण आमचा सेन्सर साध्या पृष्ठभागावर मोजणारा आहे, त्याला इतका जोरदार परतीचा प्रकाश सोसत नाही. रिफ्लेक्टरवर चालणारे सेन्सर वेगळे येतात.

अलाइनमेंट करताना प्लेटवर पेन्सिलनं फुली मारली, ट्रॉली जवळच्या टोकाला आणून ठिपका फुलीवर घेतला, मग लांबच्या टोकाला नेऊन किती सरकला ते बघितलं, आणि निम्मा फरक ब्रॅकेटवर काढत काढत दोन्हीकडं फुलीजवळ आणला. या कामात रूळ सरळ आहेत का बघायला एकजण सर्व्हेची लेव्हल, म्हणजे स्टँडवरची दुर्बीण, घेऊन आला. ते काम सेन्सर बंद करून केलं. लेझरच्या रेषेत दुर्बिणीच्या भिंगातून बघायचं नाही, क्लास २ असला तरी नाही, कारण भिंग जास्त प्रकाश गोळा करून डोळ्यात टाकतं.

आउटपुट ४ ते २० मिलीअँपचा घेतला कारण पीएलसीत अ‍ॅनालॉग कार्ड आधीच होतं. ४ ला १ मीटर आणि २० ला १७ मीटर असं टीच केलं, म्हणजे सेन्सरला शिकवून ठेवलं. असं मुद्दाम केलं, कारण मग १ मिलीअँप म्हणजे बरोबर १ मीटर, आणि मल्टिमीटरवर जो आकडा येईल त्यातून ३ वजा केले की अंतर मीटरमध्ये. स्क्रॅपची जागा २.१ मीटर म्हणजे ५.१, पहिली भट्टी ९.४ म्हणजे १२.४, दुसरी १४.८ म्हणजे १७.८. हे तीन आकडे पॅनलच्या दाराच्या आत मार्करनं लिहून ठेवले. रात्री दोन वाजता वायरमनला मॅन्युअल शोधत बसायला लागू नये. ३.६ मिलीअँपच्या खाली गेलं की वायर तुटली किंवा सेन्सर गेला असं धरून ट्रॉली थांबते.

माणसाच्या सुरक्षेची चर्चा

मालकांचा प्रश्न अगदी सरळ होता. "एवढा लेझर बसवतोय, मग माणूस आडवा आला तर ट्रॉली थांबेल की." कुणाच्याही मनात हेच येणार. किरण तुटला की ट्रॉली थांबते हे खरं आहे, पण किरण म्हणजे एका उंचीवरची एक रेघ. माणूस त्या रेघेपासून एक फूट बाजूला, रुळाच्या मधोमध उभा असला तरी सेन्सरच्या दृष्टीनं तिथं कुणी नाही. दुसरं, हा मोजमापाचा सेन्सर आहे, आतून बिघडला आणि एकच आकडा धरून बसला तर स्वतःहून सांगेलच याची खात्री नाही. माणसासाठी जी उपकरणं असतात, सेफ्टी लाइट कर्टन किंवा सेफ्टी स्कॅनर, ती आयईसी ६१४९६ प्रमाणे बनवलेली असतात आणि स्वतःचा बिघाड स्वतः ओळखून आउटपुट तोडतात. दिसायला दोन्ही लेझर, काम वेगळं.

मी लेखी दिलं की हा सेन्सर सुरक्षेसाठी धरू नये, आणि मेंटेनन्सच्या साहेबांनी त्यावर सही घेतली. मग जे खरंच माणसासाठी आहे ते केलं. ट्रॉलीच्या वाटेला जाळीचं कुंपण आणि गेटला इंटरलॉक, गेट उघडलं की ट्रॉलीची पॉवर जाते. ट्रॉलीच्या पुढं-मागं दाबली की थांबवणारी बंपर पट्टी, हलायच्या आधी हूटर आणि फ्लॅशर, दोन्ही टोकांना इमर्जन्सी स्टॉप. लाइट गेली आणि परत आली तर ट्रॉली आपोआप सुटत नाही, रीसेट दाबावंच लागतं. स्कॅनरचा विषयही निघाला पण धुळीमुळं आणि पैशामुळं तेव्हा मागं पडला. कुंपणाचा खर्च आधीच्या बजेटमध्ये नव्हता आणि तो मालकांनी लगेच मान्य केला, याचं श्रेय त्यांना दिलं पाहिजे.

कामगारांच्या मनात भीती वेगळी होती. मेल्टिंगचे जुने ऑपरेटर, सगळे त्यांना मामा म्हणतात, पहिल्याच दिवशी विचारायला आले, "आवं सायेब, त्यो लाल ठिपका डोळ्यात गेला तर आंधळं व्हतंय का माणूस? पोरं म्हणत्यात." आणि त्याच वेळी एक तरुण हेल्पर सेन्सर चालू आहे का ते बघायला समोरून सेन्सरपुढच्या नळीत डोळा लावायच्या बेतात होता. एकाला उगाच धास्ती आणि दुसऱ्याला काहीच कल्पना नाही. दोघांना एकत्र बसवून सांगितलं, चुकून नजरेला आला तर काही होत नाही, मान फिरवा, पण मुद्दाम बघत राहायचं नाही, आणि चालू आहे का बघायचं असेल तर हात आडवा धरा, तळव्यावर ठिपका दिसतो. सेन्सरवरचं पिवळं लेबल इंग्रजीत होतं. खाली मराठी आणि हिंदीत मोठ्या अक्षरात पाटी केली, "लेझर किरण. थेट आत पाहू नका." हिंदी यासाठी की चार्जिंगला असलेली बरीच पोरं यूपी-बिहारची आहेत. सेन्सरला लेझर बंद करायचा वेगळा इनपुट होता, तो मेंटेनन्सच्या चावीला जोडला. चावी फिरवली की किरण बंद, मग काच पुसा, ब्रॅकेट हलवा, काय करायचं ते करा.

चालू केल्यावर

भट्टी बंद असताना सगळं छान चाललं. भट्टी पूर्ण पॉवरला गेली आणि आकडा नाचायला लागला, ट्रॉली उभी असताना मिलीअँप ०.०८ च्या आसपास खालीवर. ०.०८ म्हणजे ८० मिमी, आमची मर्यादा २५ ची. ट्रॉली पुढं-मागं करत जागा शोधत राहायची आणि थांबायची नाही.

इथं दोन मतं पडली. प्रॉडक्शनचं म्हणणं, प्रोग्राममध्ये फिल्टर वाढवा, म्हणजे जास्त वेळाची सरासरी घ्या, आकडा शांत होईल. होतो शांत, पण उशिरा येतो. ट्रॉली फास्टमध्ये मिनिटाला २० मीटर जाते म्हणजे सेकंदाला ३३३ मिमी, स्लोमध्ये मिनिटाला ४ मीटर म्हणजे ६७ मिमी. एक सेकंदाचा फिल्टर लावला तर स्लोमध्येही पीएलसीला कळेपर्यंत ट्रॉली ६७ मिमी पुढं गेलेली असते. त्यामुळं फिल्टरनं हे सुटणार नव्हतं, सिग्नलमध्ये हा विजेचा नॉइज (गोंधळ) कुठून येतोय तेच शोधायला पाहिजे होतं. केबल उलगडत गेलो तर सेन्सरची वायर सोयीचं म्हणून भट्टीच्या पॉवर केबलच्याच ट्रेमधून आणलेली, आणि तिचं शील्ड (तारांवरची धातूची जाळी) दोन्ही टोकांना अर्थ केलेलं. इंडक्शन भट्टीचा करंट मोठा आणि फ्रिक्वेन्सीही वरची, त्याच्या शेजारून मिलीअँपचा सिग्नल नेला की हे होणारच. वेगळ्या जीआय पाईपमधून दुसऱ्या बाजूनं केबल आणली, शील्ड फक्त पॅनलच्या टोकाला जोडलं, सेन्सरला स्वतंत्र २४ व्होल्टचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) दिला, ब्रॅकेटखाली बॅकेलाइटची शीट टाकली. आकडा ०.०१ मध्ये आला. मग अगदी थोडा, २०० मिलीसेकंदाचा फिल्टर ठेवला, त्यात स्लोमध्ये १३ मिमी जातात, ते चालण्यासारखं होतं.

दुसरा निर्णय, कुणी मध्ये आलं तर काय. कुंपणाच्या आतही भट्टी खरवडायला, स्लॅग (वितळलेल्या लोखंडावरची मळी) काढायला माणूस परवानगीनं, गेटचा इंटरलॉक चावीनं बायपास करून जातो, पाय किरणात आला की अंतर एकदम कमी दिसतं. ट्रॉली १०० मिलीसेकंदात ३३ मिमीपेक्षा जास्त जाऊच शकत नाही, म्हणून तेवढ्या वेळात ५० मिमीची उडी दिसली तर आकडा खोटा धरायचा असं लिहिलं. आता खोटा धरून पुढं काय करायचं? जुना आकडा धरून अर्धा सेकंद पुढं जाऊ द्या, असा एक आग्रह होता, म्हणजे उगाच थांबणं होणार नाही. मी आणि मेंटेनन्सचे साहेब थांबण्यावर ठाम राहिलो. जागा माहीत नसताना भरलेली ट्रॉली चालवायची नाही. सुरुवातीला त्यामुळं ट्रॉली वारंवार थांबली, ओरड झाली, आणि मग किरणाच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी पत्र्याची पन्हाळ केली, तिथं पायच जाईना. ओरड थांबली.

पावसाळा

खरी परीक्षा जुलैत झाली. काच धुळीपासून वाचावी म्हणून सेन्सरपुढं एक फूटभर नळी लावली होती आणि तिच्यात कॉम्प्रेसरची बारीक हवा सोडली होती. उन्हाळ्यात उत्तम. पाऊस लागला आणि आठ-दहा दिवसांनी फॉल्ट यायला लागले, आधी लांबच्या भट्टीला, मग जवळच्यालाही. वाफेमुळं असेल, ओलं स्क्रॅप आलंय म्हणून असेल, असे अंदाज चालले. ओल्या स्क्रॅपचा मुद्दा स्वतंत्रपणे गंभीर आहेच, वितळलेल्या लोखंडात पाणी गेलं की स्फोट होतो, पण इथं कारण ते नव्हतं.

फिटरनं नळी काढली आणि काचेवर बोट न लावता मोबाईलची बॅटरी तिरकी मारून दाखवली. काचेवर तेलकट, दुधट पापुद्रा आणि त्यावर काळी बारीक धूळ चिकटलेली. हवेच्या लाइनमध्ये पाणी आलेलं, त्याबरोबर कॉम्प्रेसरचं तेल, आणि ते आम्हीच चोवीस तास काचेवर फवारत होतो. कोल्हापूरच्या पावसात हवेत इतका दमटपणा असतो की ड्रायर नसलेल्या लाइनला पाणी सुटतंच. जुने लोक सकाळी टाकीचा ड्रेन उघडायचे ते याचसाठी, आणि ती सवय इथं सुटली होती.

पर्याय तीन होते. चांगला कोअलेसिंग फिल्टर (हवेतलं तेल-पाणी अडवणारा) आणि ड्रायर, किंवा छोटा ब्लोअर, किंवा हवा काढूनच टाकायची. ड्रायर एका सेन्सरसाठी महाग. ब्लोअर शेडमधलीच धूळ ओढणार, त्यालाही फिल्टर आणि तो पुन्हा साफ करा. शेवटी हवा बंद केली, नळी दुप्पट लांब केली, आतून मॅट काळा रंग दिला आणि तोंड जरा खाली कललेलं एक झाकण वरून केलं. धूळ येते पण कोरडी येते आणि कोरडी धूळ पुसता येते. पुढं एखादी जादा काच लावू का, यावरही बोलणं झालं, लावली नाही, कारण ती काच स्वतःच किरणाचा थोडा भाग मागं फेकते आणि पुसायला आणखी एक जागा वाढते.

पुसायचं कसं हेही ठरवून दिलं. आधी चावीनं लेझर बंद, मग हाताच्या फुग्यानं धूळ उडवायची, मग मऊ स्वच्छ कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. कॉटन वेस्ट अजिबात नाही. फाउंड्रीतल्या वेस्टमध्ये वाळूचे कण असतातच आणि वाळूनं काच घासली की ती गेली.

निकाल

ट्रॉली आता दोन्ही भट्ट्यांसमोर मर्यादेत थांबते आणि रात्रपाळीतही ऑटोवर चालते, मला यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण ऑपरेटरनं स्वतःहून ऑटो लावलं म्हणजे त्याचा विश्वास बसला. फीडरला एक अट घातलीय, अंतर मर्यादेत आणि ट्रॉली पूर्ण थांबलेली असेल तरच तो चालू होतो, होजवर माल पडण्याचा प्रकार त्यानंतर झालेला नाही. लिमिट स्विच फक्त टोकांना उरले. पाळी सुरू होताना ऑपरेटर स्क्रॅपच्या जागेवर ट्रॉली लावून स्क्रीनवर २.१ मीटर दिसतंय का बघतो, रुळावर पिवळी खूण आहे तिच्याशी जुळवतो. फरक दिसला तर मेंटेनन्सला बोलावतो. सेन्सरची पॉवर कंट्रोल बंद केला तरी चालूच ठेवलीय, कारण थंड सेन्सर गरम होऊन स्थिर होईपर्यंत आकडा थोडा सरकतो.

मामा आता नवीन पोरांना स्वतःच सांगतात, "हात धर मर्दा, डोळा नगो लावू."

वेगळं काय करता आलं असतं

अ‍ॅनालॉगऐवजी आयओ-लिंकचा सेन्सर घेतला असता तर बरं झालं असतं. २० मीटरपर्यंत साध्या तीन तारांत डिजिटल आकडा येतो, भट्टीच्या नॉइजचा प्रश्न बराच कमी होतो, आणि बऱ्याच सेन्सरमध्ये परतीच्या सिग्नलची ताकदही वाचता येते. ती दिसत असती तर काच मळतेय हे फॉल्ट यायच्या कितीतरी आधी कळलं असतं. ४-२० मिलीअँपचा फायदा एकच, फिटर मल्टिमीटरनं तपासू शकतो, आणि तो फायदा या कारखान्यात खरा आहे, म्हणून हा निर्णय सगळीकडं एकसारखा लागू होईल असं मी म्हणणार नाही. पीएलसीत आयओ-लिंकचं मास्टर मोड्यूल घ्यायची तयारी असेल तर डिजिटलकडंच जा.

ट्रायल भट्टी पूर्ण पॉवरला असताना आणि क्रेन चालू असताना घ्यायची, हे ऑर्डरमध्येच लिहायला पाहिजे. सुट्टीच्या दिवशी शांत शेडमध्ये घेतलेल्या ट्रायलला सेन्सर पास होतोच. तसंच पावसाळ्यातली एक तपासणी कामाच्या व्याप्तीतच धरायला हवी, उन्हाळ्यात बिल होऊन काम संपलं असं आपल्याकडं होतं.

कुंपण आणि इंटरलॉक सेन्सरच्या आधी उभे राहायला हवे होते. इथं ते चर्चेतून नंतर आले, मालक समजूतदार म्हणून आले. दुसरीकडं बजेट संपलं असं उत्तर मिळालं असतं.

आणि स्पेअर. सेन्सर पुण्याहून येतो, एरवी दुसऱ्या दिवशी हातात. पण ऑगस्ट २०१९ ला आणि परत जुलै २०२१ ला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि पुणे-बेंगळुरू रस्ता बंद पडला होता, हे तिथल्या प्रत्येकाला आठवतंय. म्हणून आता एक सेन्सर, टीच केलेला, केबलसह, मेंटेनन्सच्या कपाटात आहे, आणि सेन्सर बदलल्यावर तिन्ही जागा तपासल्याशिवाय ऑटो लावायचं नाही असा कागद त्याच डब्यात ठेवलाय.

सेफ्टी स्कॅनरचा विषय परत काढलाय. स्लॅग काढायला माणूस आत असताना गेटचा इंटरलॉक चावीनं बायपास करावा लागतो आणि ती एक फट अजून उघडी आहे. तोवर बायपासची चावी फक्त पाळीच्या फोरमनकडं, बायपासमध्ये ट्रॉली फक्त स्लो आणि फक्त बटण दाबून धरलं तरच हलते. धुळीत टिकेल अशा स्कॅनरची किंमत मागवलीय, आणि पुढच्या लायनिंगच्या (भट्टीचं आतलं अस्तर बदलायच्या) शटडाउनमध्ये ट्रायलसाठी एक मागून घ्यायचं मालकांशी ठरलंय.